सरकता जिना आणि शंभर शेंगा

पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता पुसलं गेलं. पण एका पाचवीतल्या पोरीची चौकशी अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. त्या प्रकरणात कोणाला बेडी पडली नाही, कोर्टाची एक तारीख लागली नाही. तरी माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कोणी विचारलं, तर मी छाती काढून तेच सांगतो.

मी सातवी शिकलेला माणूस. त्या काळी सातवीवर शिपाई होता यायचं. सहायक फौजदार म्हणून घरी आलो. लिहिणं मला शाळेनं शिकवलं नाही, पंचनाम्यांनी शिकवलं. म्हणून हे पंचनाम्यासारखं वाटलं तर वाटू द्या. बायको मागच्या पोळ्याला गेली. घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो. उगीच दुसरं कारण सांगत नाही.

नावं कोणाचीच लिहिणार नाही. मुलगी उंद्रीच्या बाजूच्या एका खेड्यातली, एवढं पुरे.

थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी झाली होती आणि मी आवक टपाल पाहत होतो. तालुक्याच्या परीक्षा केंद्राचे केंद्रप्रमुख स्वतः अर्ज घेऊन आले. सहावीपासून सरकारी निवासी शाळेत प्रवेश मिळतो, त्यासाठी जिल्हाभर एकाच दिवशी परीक्षा झाली होती. शेकडो पोरं बसतात, जागा थोड्या. ज्याची निवड झाली त्याचं बारावीपर्यंतचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. वरच्या कार्यालयानं या केंद्राच्या दोन उत्तरपत्रिका बाजूला काढल्या होत्या. दोन्हीत सगळी उत्तरं सारखी. बरोबर तर सारखी होतीच, चुकलेली पाचही सारखी. वरून हुकूम आला होता, की कोणी कोणाचं पाहिलं याचा अहवाल दहा दिवसांत द्या, नाहीतर दोघांचाही निकाल रद्द.

अर्जात एकच नाव संशयित म्हणून होतं. मुलीचं.

"हिचंच का?" मी विचारलं.

केंद्रप्रमुख म्हणाले, "जमादार, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेची. त्या शाळेतून आजवर एक पोरगं लागलं नाही. मुलगा इथल्या नावाजलेल्या शाळेचा, दोन-दोन ट्यूशन. आता तुम्हीच सांगा."

मी अर्जाला नंबर टाकला, डायरीत नोंद घेतली. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. चोरी झाली की गाव आधी ज्याच्या घराला दार नाही त्याच्याकडे बोट दाखवते. बोट खरंही असू शकते. पण ते बोट आहे, पुरावा नाही.

ठाणेदार साहेब तरुण होते, स्पर्धा परीक्षा देऊन आलेले. त्यांनी चौकशी माझ्याकडेच दिली. म्हणाले, "जमादार, लेकरांचं प्रकरण आहे. वर्दी घालून जाऊ नका. ठाण्यात बोलावू नका. आईबाप समोर असल्याशिवाय एक सवाल नाही." मला ते आधीच ठाऊक होतं, पण साहेबानं सांगितलेलं बरं वाटलं.

साधा शर्ट-पायजमा घालून मी पहिल्यांदा केंद्रावर गेलो. बैठकीचा नकाशा मागितला. मुलगी तिसऱ्या बाकावर, मुलगा तिच्या बरोबर मागे चौथ्यावर. मी दोन्ही बाकांवर बसून पाहिलं. पुढच्याला मागचं पाहायचं तर अख्खी मान वळवावी लागते, खोलीभर दिसते. मागच्याला नुसते डोळे उचलावे लागतात. केंद्रप्रमुखांना हे दाखवलं तर म्हणाले, "पण मग संच? प्रश्नपत्रिकेचे चार संच असतात, अ, ब, क, ड. सवाल तेच, पण क्रम वेगळा. रांगेत एकामागे एक वेगळा संच देतो. मागच्यानं पाहिलं तरी त्याच्या कामाचं नसते."

मी नकाशावर बोट ठेवलं. "मग हिला ब मिळाला तर त्याला क मिळायला पाहिजे. उत्तरपत्रिकेवर दोघांचाही ब कसा?"

त्यांनी खोलीचे कागद काढून दिले. पर्यवेक्षक, म्हणजे त्या खोलीवर असलेला मास्तर, त्याचा खोली-अहवाल पाहिला. कोरा. काही विशेष घडलं नाही अशी सही.

परतताना फाटकाजवळ शाळेचा म्हातारा शिपाई सायकल पुसत होता. माझ्याकडे न पाहता बोलला, "साहेब, त्या खोलीत प्रश्नांची एक जादा पुस्तिका गेली होती. म्याच नेऊन देल्ली."

"कोणाले?"

"त्या मागच्या पोराले. त्याच्या कागदावर छपाई फिकी आली होती. मास्तरनं जादा गठ्ठ्यातली हाती लागली ते देल्ली. संच पाह्यला नाही."

"मग लिहिलं काऊन नाही?"

"मास्तर कंत्राटावर हाय. चूक लिहून कोन आपल्या पोटावर पाय मारते? म्याबी तुमाले सांगितलं नाही, बरं. म्या सायकल पुसून राह्यलो."

खबर अशीच येते. माणूस दुसरंच काम करत असतो.

मास्तरला दुसऱ्या दिवशी गाठलं. आधी नाही नाही म्हणाला. मी म्हटलं, "शिक्क्याचा जादा गठ्ठा मोजायला मागवू का?" तेव्हा रडला. फिकी पुस्तिका बदलून देताना तोच संच शोधून द्यायचा असतो. यानं घाईत ब दिला, म्हणजे पुढच्या पोरीचाच. त्याचा जबाब लिहून घेतला. दोघांच्या हातात एकच संच कसा आला ते समजलं. पण कोणी कोणाचं पाहिलं, ते नाही समजलं. आठ दिवस उरले होते.

मुलीच्या गावी गेलो. बाप नव्हता, आई मजुरीला जायची. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, बाकी सामान थोडं. मुलगी दारात उभी. सडपातळ, दोन वेण्या, नजर मात्र सरळ.

आई घाबरली. "साहेब, माह्या पोरीनं काई केलं नाही. तिले तिथं जाऊ द्या. इथं राह्यली तं पुढच्या वर्साले माह्यासंगं लोकाच्या वावरात गवत निंदाले येईन. शाळा सातवीलगत हाय, मंग काय?"

एवढंच त्या प्रकरणात डावावर होतं, आणि ते मला तिथंच पुरतं कळलं.

प्रश्नपुस्तिका पोरांना घरी नेऊ देतात. मी मुलीला विचारलं, "बाई, परीक्षेची पुस्तिका कुठं हाय?"

तिनं फळीवरचा तिखटाचा डबा उचलला. खाली पुस्तिका अंथरलेली. तेलाचे डाग पडले होते, पण प्रत्येक पानाच्या कडेला बारीक अक्षरात बेरजा, गुणाकार, खोडलेलं, पुन्हा केलेलं. आईला वाटलं मी ती जप्त करून पोरीला अडकवतो. पंच बोलावले, पंचनामा केला, पावती दिली.

मुलाच्या घरी गेलो. बापाचं कृषी केंद्र, शाळेच्या समितीवर वजन. पुस्तिका आधी हरवली होती, मग सापडली. पहिली चार पानं भरलेली, पुढं स्वच्छ.

शेठ म्हणाले, "माझा पोरगा तोंडी गणित करतो. आणि जमादार, राग मानू नका, तुमचं शिक्षण किती?"

"सातवी."

"मग पेपरातलं तुम्हाला काय समजणार?"

मी म्हटलं, "शेठ, पेपर नाही समजत. माणूस समजते थोडा."

बोललो खरा, पण बाहेर येऊन वाटलं की शेठचं अगदीच चूक नाही. कडेची आकडेमोड पुरावा म्हणून धरली, तरी कोणी म्हणेल घरी येऊन केली. म्हणून केंद्रप्रमुखांनी तोड सुचवली तेव्हा ती मला पटली. दोघांना समोरासमोर दहा गणितं घाला. ज्याला येतात त्याचे मार्क खरे. पेपर केंद्रप्रमुखांनीच काढला.

शाळेच्या एका वर्गात दोघं दोन टोकांना बसवली. दोघांचे पालक मागे. मुलीनं पहिली काही गणितं भराभर केली आणि एके ठिकाणी अडली. बराच वेळ गेला. मग हात वर केला.

"काका, जिना सरकला तं माणूस पडन नाही का?"

गणित असं होतं. सरकता जिना मिनिटाला तीस पायऱ्या वर नेतो, त्यावर माणूस स्वतःही मिनिटाला वीस पायऱ्या चढतो, तर शंभर पायऱ्या चढायला किती वेळ लागेल. केंद्रप्रमुख हसले. शेठ मोठ्यानं हसले. मुलगी लाल झाली. मग पिझ्झ्याच्या तुकड्यांचं गणित आलं, पोहण्याच्या तलावाच्या फेऱ्यांचं आलं, तसलीच आणखी दोन आली. ती पाचही तिनं सोडून दिली. मुलाला त्यांतली दोन आली, बाकीची बरीच चुकली. दहांत दोघांना सारखे मार्क पडले.

शेठ उठले. "पाहिलं? तुमची हुशार पोरगी! परीक्षेत एवढे मार्क आणि इथं एवढे. लिहा अहवाल."

खरं सांगतो, मीही डळमळलो. पोरीची आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पोरीला जवळ ओढलं.

घरी गेलो. बायको अंगणात उन्हात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. तिला सगळं सांगायची माझी सवय. ती चौथी शिकलेली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अन् तुमाले तरी सरकता जिना येते का?"

"म्हंजे?"

"नागपूरले त्या मोठ्या दुकानात काय झालं होतं? फौजदार जिन्यापाशी गेले अन् तिथंच उभे राह्यले. मांगं लोकायची रांग. शेवटी म्याच हात धरून चढवलं. तुमी तं डोळे मिटले होते."

"ते जाऊ दे ना आता."

"काऊन जाऊ दे? तुमाले पाय ठेवता आला नाही म्हंजे तुमाले चालता येत नाही काय?" तिनं शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. "हे पाहा. म्या मिंटाले तीस सोलते. तुमी वीस सोलता असं धरू. सोलत तं तुमी एकबी नाही, पण धरू. शंभर व्हायले किती मिनिटं?"

"दोन."

"मंग झालं की. तेच गणित हाय ना हे? त्या पोरीले बेरीज इचारली का जिना इचारला, ते पाहा आंधी."

मी तिथंच उठलो. चहा तसाच राहिला. बत्तीस वर्षांत मला खबऱ्यांनी, तज्ज्ञांनी, साहेबांनी पुष्कळ काही सांगितलं. पण एखादी केस अशी एका वाक्यात कोणी उभी करून दिली नाही.

ठाणेदार साहेबांकडे गेलो. (जिन्याची माझी गोष्ट गाळून) सगळं सांगितलं. ते खुर्चीत पुढे आले. "जमादार, मुद्दा एकदम बरोबर. पण शेठ म्हणेल पोरीच्या सोयीचा सोपा पेपर काढला. त्याला काय उत्तर?"

हे उत्तर मला एका दुसऱ्या मास्तरनं दिलं. मोताळ्याकडचे, निवृत्तीला आलेले, कोणाच्या ओळखीतले नाहीत म्हणून मी मुद्दाम गाठले. ते म्हणाले, "सोपं आहे. आकडे तेच ठेवतो, क्रिया तीच ठेवतो, वस्तू बदलतो. अशा वस्तू ज्या दोन्ही लेकरांनी पाहिल्या आहेत. भाकरी, एसटी, मैदान, शेंगा. मुलीच्या बाजूचंही नको, मुलाच्या बाजूचंही नको. आणि तो पेपर आधी माझ्या वर्गाला देतो. खऱ्या परीक्षेतली दहा गणितंही देतो. केंद्रप्रमुखांचा पेपरही देतो. माझी पोरं तीच, डोकी तीच. तिन्हीत मार्क सारखे पडले तर तिन्ही पेपर सारखे जड."

बाजारात दोन तराजू असले आणि भांडण झालं तर काय करतात? एकच धोंडा दोन्हीत घालून पाहतात. मास्तरनं पोरांचा धोंडा केला.

दोन दिवसांनी ते तिन्ही गठ्ठे घेऊन आले. खऱ्या परीक्षेतल्या गणितांत आणि आमच्या नव्या पेपरात त्यांच्या वर्गाचे मार्क जवळजवळ सारखे. केंद्रप्रमुखांच्या पेपरात मात्र अर्धा वर्ग जिन्यावरून घसरला होता. ज्या दोन-तीन पोरांचे नातेवाईक पुण्याला आहेत ती तेवढी वर पोचली. मास्तर म्हणाले, "तुमच्या पहिल्या पेपरानं गणित मोजलं नाही, जमादार. कोण कुठं फिरून आलं ते मोजलं." मी हे वाक्य त्यांच्या जबाबात जसंच्या तसं लिहून घेतलं.

केंद्रप्रमुखांना दाखवलं. भला माणूस होता, हे लिहिलंच पाहिजे. चष्मा काढून बराच वेळ गठ्ठे पाहत राहिले. "माझ्या मनातही आलं नाही हो," एवढंच बोलले आणि दुसऱ्या चाचणीला स्वतः हजर राहिले.

तीन दिवस उरले असताना दोघांना पुन्हा बसवलं. तेच टोकाचे बाक. मुलीनं दहापैकी नऊ केली आणि वेळ उरला म्हणून दहावं पुन्हा तपासत बसली. शेंगांचं गणित तर तिनं पेन्सिल न लावता तोंडीच सोडवलं. मुलाची चार आली.

शेठचं तोंड उतरलं. पण ते काही बोलायच्या आत मुलगाच उठून माझ्याजवळ आला.

"काका, म्या पाह्यलं तिचं."

"काऊन बाबू?"

"पुस्तिका बदलून देल्ली तं तिचाच संच आला. पयले नाही पाह्यलं. चार पानं माह्ये म्याच केले. मंग पुढचं येत नव्हतं. पप्पा म्हणत होते, या वर्षी नंबर लागला नाही तं पाहुण्यायले तोंड कसं दाखवू."

बापाकडे पाहत नव्हता तो. शेठनं त्याला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. मागच्या बाकावर खाली बसले. मग मुलगी जिथं बसली होती तिथून म्हणाली, "तू चार पानं तं सोताच केले होते. तेवढंच ठेवायचं ना बे!" वर्गातली सगळी मोठी माणसं हसली, मुलगाही रडता रडता हसला.

लेकरावर गुन्हा नोंदवायचा प्रश्नच नव्हता. मुलाच्या निकालाबद्दल निर्णय त्या कार्यालयानं घ्यावा असं लिहिलं, आणि त्यानं स्वतःहून सांगितलं हेही ठळक लिहिलं. पर्यवेक्षकाची चूक खात्याकडे कळवली, पण ती लबाडी नव्हती, घाई होती, असंही नमूद केलं. अहवाल टपालानं पाठवला नाही. वेळ नव्हता. एसटीनं बुलढाण्याला गेलो, हातोहात दिला, पोच घेतली. तिथल्या बाबूनं अहवाल चाळला आणि विचारलं, "पोलिसांनी पेपर तपासले?" मी म्हटलं, "पोरगी तपासायला गेलो होतो साहेब. पेपर खोटा निघाला."

निवड यादीत मुलीचं नाव आलं. तिची आई ठाण्यात आली, मला शोधत. नुसती म्हणाली, "साहेब, पोरगी जाते मंग." मी म्हटलं, "हाव, जाऊ द्या." पेढे आणले नव्हते, बरं झालं. पेढ्यांनी ते वाक्य लहान झालं असतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं ते सांगतो. त्यानंतर कोणालाही सवाल विचारायच्या आधी मी तो सवालच उलटून पाहू लागलो. पुढं एका चोरीत एक मजूर सापडला होता. कोणत्या वेळी कुठं होता ते त्याला धड सांगता येईना, दर वेळी वेगळी वेळ सांगायचा. शिपाई म्हणाले, खोटारडा आहे. मी त्याचं मनगट पाहिलं. घड्याळ नव्हतं. विचारलं, "एसटी गेली होती का रे तेव्हा? ढोरं परतली होती का?" मग त्यानं सगळं सरळ सांगितलं, आणि दर वेळी तेच सांगितलं. तो निर्दोष होता. पहिल्या सवालानं तो आत जाणार होता. आपण माणसाला मोजायला बसतो तेव्हा आपल्या हातातली पट्टी कोणाच्या घरी बनली आहे, हे आधी पाहावं. सगळ्यांना एकच सवाल विचारला म्हणजे न्याय झाला असं मी अर्धी नोकरी समजत होतो. एकच सवाल सगळ्यांना सारखा पोचतो का, हे पाहणं राहून जायचं.

साहेबांनी त्या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र देववलं. अहवालाच्या शेवटी मदत करणाऱ्यांची नावं लिहायची असतात. मोताळ्याचे मास्तर लिहिले, शाळेचा शिपाई त्याला विचारून लिहिला. अहवाल लिहिला त्या रात्री बायकोनं जेवण वाढता वाढता विचारलं होतं, "माह्यं नाव टाकलं का कागदात?" मी म्हटलं, "सरकारी कागदात बायकोचं नाव कसं टाकू? लोक हसतील." तीही हसली आणि दुसरी पोळी वाढली. तो अहवाल आजही कुठंतरी दप्तरात बांधून पडला असेल, आणि त्यात एक नोंद कमी आहे. पोलिसाला आपला जबाब दुरुस्त करता येतो. म्हणून आज लिहून देतो, की सदर प्रकरणातली खरी चूक सहायक फौजदाराच्या लक्षात आलेली नव्हती. ती त्याच्या बायकोनं, अंगणात शेंगा सोलता सोलता, पकडली.